गावात घर बांधायचंय : परवानगी कुणाची, कागद कोणते?

ग्रामीण भागातील बांधकाम परवानगीविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि आमच्या नगररचना व महसूल सल्लागारांची उत्तरे येथे देत आहोत. बऱ्याच पत्रांत अडचण एकाच ठिकाणी सुरू झालेली दिसते. जागा गावठाणात आहे की बाहेर, कागदावर नाव कुणाचे आहे आणि हद्द मोजून कायम झाली आहे का, हे पाहण्याआधीच नकाशा काढला जातो, कधी तर पायाही खणला जातो. उत्तरे वाचताना आधी स्वतःच्या जागेपुरत्या या तीन गोष्टी तपासा.

प्रश्न : गावातलं आमचं आजोबांच्या वेळचं मातीचं घर पाडून त्याच जागेवर आरसीसी घर बांधायचं आहे. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. एक भिंत चुलत्यांच्या घराशी सामाईक आहे. परवानगी कोण देणार आणि कागद कोणते लागतील? — एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : जागा गावठाणाच्या हद्दीत असेल तर अर्ज ग्रामपंचायतीकडे करायचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ नुसार बांधकामाआधी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. पण ‘घर गावात आहे’ म्हणजे ‘गावठाणात आहे’ असे धरून चालू नका. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकारी ठरवतात आणि ती नकाशावर असते. वस्ती वाढत गेली तशी कित्येक घरे या रेषेच्या बाहेर गेली. हद्द मात्र जुनीच राहिली. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात गावठाणाचा नकाशा पाहायला मिळतो, तो आधी बघा. पुणे महानगर प्रदेशासारख्या प्राधिकरणाच्या हद्दीत गाव येत असेल, तर परवानगी त्या प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. तिथे ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही.

आता नावाचा प्रश्न. आजोबांच्या नावे परवानगी मागता येणार नाही, म्हणून वारस नोंद हे पहिले काम. इथे दोन वेगवेगळी दप्तरे आहेत आणि लोक एकातच नोंद करून थांबतात. एक, ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तिथली नोंद मासिक सभेपुढे जाते. दुसरे, मिळकत पत्रिका, जिला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. ती भूमी अभिलेख खात्याकडे असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आणि त्यावरून अनेक गावांत मिळकत पत्रिका तयार झाल्या. तुमच्या गावात त्या झाल्या असतील तर वारसांची नावे दोन्हीकडे लागली पाहिजेत. आजोबांना मुली असतील तर त्यांची नावेही येणार. आत्यांनी हक्क सोडायचे ठरवले असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्र लागते, साध्या स्टॅम्पवरची सही चालत नाही. हक्क न सोडता नुसती बांधकामाला संमती द्यायची असेल, तर सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र जोडा.

अर्जासोबत साधारण हे कागद मागितले जातात : मिळकत पत्रिका आणि नमुना ८ चा चालू उतारा, मोजणी नकाशा किंवा सनदेचा नकाशा, परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने सही केलेला बांधकाम नकाशा, घरपट्टी व पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, संमतीपत्रे आणि जुन्या घराचे चारही बाजूंनी काढलेले फोटो. जुन्या घराचे मोजमाप नकाशावर दाखवायला विसरू नका. एकदा ते पाडले की त्या जागेवर काय उभे होते, याचा पुरावा तेवढाच उरतो.

सामाईक भिंतीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण अशा कामांत खरी भांडणे तिथेच लागतात. ती भिंत तुमच्या एकट्याच्या मर्जीने पाडता येत नाही. चुलते तयार असतील तर लेखी संमती घ्या. तयार नसतील तर भिंत जशीच्या तशी ठेवून नवे कॉलम पूर्णपणे तुमच्या जागेत घ्यावे लागतील. हद्दीला खेटून कॉलम घेतला की त्याचा चौकोनी फुटिंग (कॉलमखालचा पायाचा रुंद तळ) अर्धा शेजाऱ्याच्या भिंतीखाली जातो. गावातला मिस्त्री पुष्कळदा तसाच खड्डा घेतो, मातीची भिंत खालून मोकळी होते आणि पहिल्या पावसात सरकते. यावर उपाय म्हणजे हद्दीवरचा कॉलम आतल्या कॉलमशी पायातच बीमने जोडणे किंवा दोघांना मिळून एकच फुटिंग देणे. हे गणित संरचना अभियंत्याकडून करून घ्या आणि भिंतीलगतचा पाया सलग न खणता तुकड्या-तुकड्यांनी खणा.

प्रश्न : माझा गावठाणातला प्लॉट १,५५० चौरस फुटांचा आहे. आता १,६०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही असं सगळे म्हणतात. मग सरळ काम सुरू करू का? — वाचक, बार्शी, जि. सोलापूर

उत्तर : करू नका. २ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या मोठ्या भागाला एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. लहान भूखंडांना तिच्यात सवलत आहे आणि २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने ती ग्रामीण भागासाठी जाहीर केली. सवलत आहे ती छाननीपुरती. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १,६१५ चौरस फुटांपर्यंत असेल, तर ग्रामपंचायतीला मालकीची कागदपत्रे, जागेचा मोजणी नकाशा, बांधकाम नकाशा आणि ‘हा नकाशा नियमावलीप्रमाणे आहे’ असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला देऊन, ठरलेले शुल्क भरून कळवायचे असते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला ग्रामपंचायतीने किती शुल्क भरायचे ते दहा दिवसांत सांगायचे आणि भरणा झाल्यावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे. ३०० चौरस मीटरच्या पुढे नगररचना कार्यालयाची छाननी आली.

दोन गैरसमज इथे हमखास आढळतात. पहिला असा, की ही मर्यादा बांधकामाच्या क्षेत्राची आहे. ती भूखंडाच्या क्षेत्राची आहे. पाच गुंठ्यांच्या, म्हणजे जवळपास ५०६ चौरस मीटरच्या जागेत हजार फुटांचे घर बांधणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. दुसरा गैरसमज, की छाननी नाही म्हणजे नियम नाहीत. समासाची अंतरे (घराभोवती सोडायची मोकळी जागा), मजल्यांची मर्यादा, खोल्यांची किमान मापे, संडासाच्या टाकीचे अंतर हे सगळे जसेच्या तसे लागू राहते. फरक इतकाच की जबाबदारी तुमच्यावर आणि सही करणाऱ्या अभियंत्यावर येते. म्हणून कोऱ्या नकाशावर सही देणारा अभियंता स्वस्त वाटला तरी त्याच्याकडे जाऊ नका. कळवल्याची पोच आणि शुल्काची पावती जपून ठेवा, बँकेत आणि पुढे विक्रीच्या वेळी तीच परवानगी म्हणून दाखवायची आहे.

प्रश्न : गावठाणापासून साधारण दीडशे-दोनशे मीटरवर आमची जिरायत जमीन आहे. त्यातल्या सहा गुंठ्यांत घर बांधायचं आहे. एनए (अकृषिक परवानगी) करावं लागेल का? जमीन तिघा भावांत सामाईक आहे. — वाचक, गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : आधी सामाईक जमिनीचे बघा. सातबाऱ्यावर तिघांची नावे एकत्र असतील, तर ‘हा कोपरा माझा’ हे तुमच्या घरात मान्य असले तरी कागदावर ते कुठेच नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करून पोटहिस्सा पाडून घ्या, किंवा तूर्त दोघा भावांची बांधकामाला लेखी संमती घ्या. बँकेचे कर्ज काढणार असाल तर संमतीवर भागत नाही, वाटप करून घेणेच बरे. मात्र सहा गुंठे वेगळे काढायला निघालात तर तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. प्रादेशिक योजनेत (कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या आराखड्यात) अकृषिक वापराला ठेवलेल्या जमिनींसाठी अलीकडे सवलती आल्या आहेत. तुमच्या गटाला त्या लागू होतात का, हे तलाठ्यांकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी घ्या. नोटरीवरच्या गुंठेवारीच्या भरवशावर पाया घालू नका.

अकृषिक परवानगीबद्दल : जमीन महसूल संहितेचे कलम ४२ड गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी आहे. प्रादेशिक योजनेत वापर बसत असेल, तर रूपांतर कर आणि लागू ती रक्कम भरल्यावर अशी जमीन अकृषिक वापरात आली असे मानले जाते. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वतंत्र आदेशासाठी थांबावे लागत नाही. भरण्याची पद्धत आणि आकारणी शासनाने वेळोवेळी बदलली आहे, त्यामुळे शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी किती भरले यावर जाऊ नका. तहसील कार्यालयाकडून तुमच्या गटापुरते मागणीपत्र घ्या आणि चलनानेच भरा.

‘साधारण दीडशे-दोनशे’ असे तुम्ही लिहिले आहे, ते नेमके करून घ्या. हे अंतर गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे असते. शेवटच्या घरापासून किंवा वेशीपासून मोजलेले अंतर चालत नाही. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करताना गावठाण हद्दीपासूनचे अंतर नकाशावर दाखवावे, असे लिहून द्या. मोजणीनंतर मिळणारी ‘क’ प्रत हा तुमच्या फायलीतला सर्वांत वजनदार कागद. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या आहेत का ते पाहा आणि हद्दीच्या खुणा त्याच दिवशी दगडाने पक्क्या करून घ्या. चुन्याची रेघ पंधरा दिवसांत जाते.

जमीन भोगवटादार वर्ग २ (शासनाचे निर्बंध असलेली) असेल तर वरचे काहीही करण्याआधी थांबा. इनाम, वतन, सिलिंग किंवा सरकारी वाटपाच्या जमिनीवर सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम) हा वेगळा विषय असतो. सातबाऱ्याच्या वरच्या भागात भूधारणा पद्धत लिहिलेली असते, ती ओळ आधी वाचा.

जागा गावठाणाबाहेर असल्याने परवानगीचा अर्ज महसूल विभागाकडे जातो. प्रादेशिक योजना क्षेत्रात अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचे आहेत; जिल्ह्यानुसार ते प्रांत किंवा तहसीलदारांकडे सोपवलेले असतात आणि नकाशाची तांत्रिक छाननी नगररचना शाखा करते. फाइलमध्ये झोन दाखला (जागा योजनेत कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) हवा. रस्त्याचेही पाहा. शेतात जायची बांधावरची वाट आणि घराला लागणारा पोचरस्ता यांना छाननीत सारखे धरत नाहीत. त्याच संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेती कसण्यासाठी. रस्ता नकाशावर किंवा नोंदणीकृत दस्तात दिसत नसेल तर प्रकरण तिथेच अडते.

प्रश्न : माझ्याकडे एक एकर शेती आहे. तिथे राहण्यासाठी शेतघर बांधायचं आहे. किती मोठं बांधता येईल? — वाचक, दिंडोरी, जि. नाशिक

उत्तर : शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर जमीन लागते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे तुम्ही जेमतेम बसता. नियमावलीत शेतघराला चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम चालते) ०.०४ आहे. ४,०४७ ला ०.०४ ने गुणले की सुमारे १६२ चौरस मीटर, म्हणजे १,७४० चौरस फुटांच्या आसपास येतात. जमीन कितीही मोठी असली तरी ४०० चौरस मीटरच्या पुढे जाता येत नाही.

तुमची सीमारेषेवरची स्थिती धोक्याची आहे. सातबाऱ्यावर ४० गुंठे असले तरी मोजणीत ३९ भरले तर शेतघराचा दावा पडतो, कारण वेगवेगळ्या कागदांवर क्षेत्र वेगवेगळे आले की छाननीत त्यातले कमीत कमी धरतात. पोटखराबा (लागवडीला अयोग्य क्षेत्र) आणि रस्त्यात गेलेली पट्टी यांचा हिशेब आधीच करा. शेतघर राहण्यासाठी आणि शेतीला पूरक असले पाहिजे; ते पर्यटकांना भाड्याने द्यायचे तर तो वेगळा वापर होतो आणि त्याची परवानगी वेगळी.

प्रश्न : घराची नोंद नमुना ८ ला आहे, घरपट्टी दरवर्षी भरतो, वीजही आहे. म्हणजे घर अधिकृतच ना? — वाचक, उमरेड, जि. नागपूर

उत्तर : नाही. नमुना ८ कर कुणाकडून घ्यायचा ते सांगतो. मालकी किंवा परवानगी त्यातून सिद्ध होत नाही. विनापरवाना घरावरही कर बसतो. परवानगीचे पत्र आणि मंजूर नकाशा हातात नसेल तर ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावबुकातून शोधून त्याची साक्षांकित प्रत मागा. माहिती अधिकारातही ती मागता येते, मुदत ३० दिवसांची आहे.

प्रश्न : आमची जागा पूररेषेत येते असं सांगून अर्ज परत केला. निळ्या आणि लाल रेषेत फरक काय? घर बांधताच येणार नाही का? — वाचक, शिरोळ, जि. कोल्हापूर

उत्तर : निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधली जागा निषिद्ध क्षेत्र. तिथे नवे घर बांधायला परवानगी मिळत नाही आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या तालुक्यात ती मिळवण्याचा खटाटोपही करू नये. निळ्या आणि लाल रेषेच्या मधले क्षेत्र नियंत्रित आहे. तिथे जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर ठेवण्याच्या अटीवर परवानगी मिळू शकते.

म्हणून पाटबंधारे विभागाकडे अर्ज करताना नुसते ‘ना हरकत द्या’ म्हणू नका. आपल्या गट क्रमांकाला लाल रेषेची पातळी मीटरमध्ये किती आहे, ते लेखी मागा. मग अभियंत्याकडून आपल्या जमिनीची पातळी त्याच आधारखुणेवरून काढून घ्या. उदाहरण घ्या : लाल रेषा ५४६.३० मीटर आणि तुमची जमीन ५४४.९० मीटर. जोते ५४६.७५ ला आले पाहिजे, म्हणजे जमिनीपासून १.८५ मीटर उंच. एवढा भराव चारी बाजूंनी दाबून घालायचा तर भिंती जाड कराव्या लागतात, भराव बसतो, फरशी फुटते आणि तुमच्या भरावाने शेजाऱ्याकडे पाणी वळते. अशा ठिकाणी खाली मोकळे खांब ठेवून वर घर घेणे जास्त शहाणपणाचे. खालचा मजला नंतर भिंती घालून बंद करायचा नाही, ही अट मात्र कायमची पाळावी लागते. वीज मीटर आणि पाण्याची मोटरही जोत्याच्या वर घ्या.

प्रश्न : गावठाणाबाहेरच्या बंगल्याचा नकाशा तीनदा त्रुटी काढून परत आला. दर वेळी नवी त्रुटी. नकाशात नेमकं काय बघतात? — वाचक, जुन्नर, जि. पुणे

उत्तर : त्रुटी टप्प्याटप्प्याने येतात कारण फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते आणि प्रत्येक जण आपला भाग बघतो. सगळे टेबल एकदाच डोक्यात धरून नकाशा काढला तर हे टळते.

महसूलचा भाग : अर्जावरचा गट क्रमांक, सातबारा, फेरफार, खरेदीखत आणि ‘क’ प्रत यांत क्षेत्र आणि चतुःसीमा जुळतात का. जुळत नसतील तर आधी दुरुस्ती करून घ्या. खुलासा लिहून जोडल्याने फाइल पुढे सरकत नाही. सर्व सहधारकांच्या सह्या अर्जावर आणि नकाशावर दोन्हीकडे हव्यात.

जागेचा भाग : जागेचा नकाशा साधारण १:५०० आणि मजल्यांचे नकाशे १:१०० प्रमाणात काढतात. उत्तर दिशा, पोचरस्त्याची रुंदी, जागेतली विहीर, बोअर, मोठी झाडे, ओढा-नाला, विजेच्या तारा आणि जुने बांधकाम दाखवलेच पाहिजे. नवे काम लाल रंगात, पाडायचे काम पिवळ्या रंगात. उताराची जमीन असेल तर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) द्या. १:५ पेक्षा तीव्र उताराच्या डोंगरजमिनीवर परवानगी मिळत नाही आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हा मुद्दा हमखास निघतो.

रस्ता : राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा मार्गालगत जागा असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा (रस्त्यापासून बांधकाम किती दूर हवे ते ठरवणाऱ्या) लागू होतात. ही अंतरे रस्त्याच्या मध्यापासून मोजतात. डांबराच्या कडेपासून किंवा गटारापासून मोजून काढलेला नकाशा परत येणारच. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून त्या रस्त्याचा दर्जा आणि लागू अंतर लेखी घ्या आणि मगच घराची पुढची रेषा ठरवा.

तारा : लघुदाब तारांपासून बांधकाम आडवे १.२ मीटर आणि उभे २.५ मीटर दूर हवे. ११ केव्हीच्या तारेला आडवे १.२ आणि उभे ३.७ मीटर, ३३ केव्हीला आडवे २ मीटर. अंतर गच्चीच्या किंवा छज्जाच्या टोकापासून मोजतात. नकाशात भिंत मोजलेली असते, छज्जा राहून जातो. वरचा मजला पुढे वाढवायचा असेल तर त्याची उंची आजच धरा.

सांडपाणी : गावात मलनिस्सारण वाहिनी नसते, म्हणून सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा नकाशावर मापांसह दाखवावाच लागतो. पाच माणसांसाठी टाकी आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर. दहा माणसांसाठी २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, खोली १ मीटर, आणि उपसा दोन वर्षांनी करायचा असेल तर १.४ मीटर. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. रुंदी ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि पाण्याचे आकारमान एक घनमीटरपेक्षा कमी चालत नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर. यात शेजाऱ्याची विहीरही धरा. नकाशावर तुमची विहीर दिसते, बांधापलीकडची दिसत नाही. छाननी अधिकारी जागेवर येतो तेव्हा ती दिसते आणि चौथी त्रुटी निघते. काळ्या जमिनीत शोषखड्डा पाणी शोषत नाही. तिथे आधी भोक घेऊन, पाणी भरून किती वेळात जिरते ते बघा.

खोल्या : राहत्या खोलीची उंची फरशीपासून स्लॅबपर्यंत २.७५ मीटर. लोक नऊ फूट म्हणजे झाले असे धरतात. नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर आणि फरशी बसल्यावर आणखी दोन इंच जातात. स्लॅब साडेनऊ फुटांवर घ्या.

त्रुटीपत्र आले की मोघम ‘पूर्तता केली’ असे लिहू नका. प्रत्येक मुद्द्यासमोर जोडलेल्या कागदाचा पान क्रमांक लिहून एकत्र उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या.

प्रश्न : खाडीकाठी आमचं कौलारू घर आहे. छप्पर आणि एक भिंत पडायला आली आहे. सीआरझेडमुळे (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे) दुरुस्तीसुद्धा करता येत नाही असं सांगतात. — वाचक, देवगड, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : कौले बदलणे, गिलावा, रंग, फरशी, दार-खिडकी त्याच जागी नवी बसवणे याला बांधकाम परवानगी लागत नाही. भार घेणारी भिंत पाडून नवी बांधणे किंवा कौलांच्या जागी स्लॅब घालणे ही मात्र नव्या बांधकामात मोडतात.

सीआरझेडमध्ये अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते. अट अशी की जोत्याचे क्षेत्र, चटई क्षेत्र आणि घनता आहे त्याहून वाढता कामा नये. म्हणून घर जुने आणि अधिकृत असल्याचे पुरावे जमवा : नमुना ८ चे जुने उतारे, जुन्या घरपट्टी पावत्या, वीज जोडणीची तारीख, मोजणी नकाशावर दिसणारे घर. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासूनचे ना-विकास क्षेत्र, लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ५० मीटर, नाहीतर २०० मीटर आहे. खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले कमी असेल ते धरतात. जिल्ह्याच्या मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला गट कुठे पडतो हे आधी पाहा. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराचे प्रकरण स्थानिक प्राधिकरणच सीआरझेडच्या नियमांवर तपासून निकाली काढू शकते. पडायला आलेली भिंत पाडण्याआधी मोजमाप घेऊन, फोटो काढून पंचनामा करून घ्या. भिंत आधी पाडली की मूळ जोते केवढे होते यावर वाद उभा राहतो आणि तो मिटवायला साक्षीदार सापडत नाहीत.

प्रश्न : ग्रामसेवक अर्जच घेत नाहीत. ‘सरपंचांना भेटा’ म्हणतात. काय करावं? — वाचक, चाळीसगाव, जि. जळगाव

उत्तर : अर्ज घेऊन आवक क्रमांक देणे हे कार्यालयाचे काम आहे, त्याला कुणाच्या संमतीची गरज नाही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नकार दिला तर तोच अर्ज सर्व कागदांसह नोंदणीकृत टपालाने, पोच मागवून पाठवा आणि एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. तिथून पुढे तारीख मोजता येते. तोंडी चकरा मारण्यात गेलेले महिने कुठल्याही अपिलात धरले जात नाहीत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली कार्यालयाबाहेर सेवांचा फलक असतो. परवानगीची सेवा आणि तिची मुदत त्यावर असेल तर मुदत उलटताच प्रथम अपील करा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. पण ती नकाशा नियमांत पूर्ण बसत असेल तरच लागू होते आणि बँक असे मानीव मंजुरीचे प्रकरण सहसा घेत नाही. तिच्या जोरावर काम सुरू करण्यापेक्षा लेखी उत्तराचा पाठपुरावा करा. नियोजन प्राधिकरणाचा लेखी नकार आला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येते. कधी कधी नकाराचे पत्र गप्प बसण्यापेक्षा उपयोगी पडते, कारण त्यात कारण लिहावे लागते.

प्रश्न : परवानगी मिळून चौदा महिने झाले. कर्ज लांबल्याने काम सुरूच झालं नाही. आता नव्याने अर्ज करायचा का? — वाचक, लातूर

उत्तर : तुमचे प्रमाणपत्र नगररचना अधिनियमाखाली मिळाले असेल तर ते एक वर्षासाठी असते आणि पुढे दरवर्षी मुदतवाढ घेत एकूण चार वर्षांपर्यंत चालवता येते. तुमची मुदत संपली आहे, त्यामुळे दिरंगाईचे कारण लिहून, बँकेचा पत्रव्यवहार जोडून मुदतवाढीचा अर्ज लगेच द्या. मुदतवाढ हाती येईपर्यंत पाया खणू नका. काम सुरू झाल्यावर जोत्यापर्यंत आले की वर जाण्याआधी जोते तपासून घ्या. जोते एक फूट सरकले असेल तर तेव्हा दुरुस्त होते, स्लॅब पडल्यावर नाही. मधे आराखड्यात बदल केलात तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला घेण्याची परवानगी) मागा. बांधकाम खर्चावरचा १ टक्का कामगार कल्याण उपकर तुमच्या घराला लागू होतो की राहत्या घराच्या सवलतीत बसतो, हेही मुदतवाढीच्या वेळीच विचारून घ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर प्रमाणपत्र त्यासाठी अडणार नाही.